अनेक यंत्रे, एक उत्तर

नवी दिल्ली स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंज आहे. या वस्तीशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. नूतन मराठी विद्यालय तेथेच आहे. नोकरीच्या निमित्ताने राजधानीत आलेली आणि मग तेथलीच होऊन गेलेली मराठी कुटुंबे आज दिल्लीच्या अनेक भागांत आणि यमुनापलीकडच्या नव्या वसाहतींतही पसरली आहेत. अशा घरात एखाद्या संध्याकाळी गावाकडून निरोप येतो की, वडिलांची प्रकृती बरी नाही, लवकर निघा. घरातला कर्ता पुरुष किंवा मुलगी लगबगीने आरक्षणाच्या खिडकीपाशी जाते, किंवा हातातल्या फोनवर तोच प्रश्न टंकित करते. प्रश्न एका ओळीचा असतो : पुण्याची एक जागा मिळेल काय?

उत्तरही एका शब्दाचे असते. परंतु तो एक शब्द खरा ठरावा म्हणून शेकडो कोसांवर विखुरलेल्या कितीतरी यंत्रांना क्षणार्धात एकमत करावे लागते. ज्या क्षणी दिल्लीत ही मागणी होते, त्याच क्षणी झाशीत, भोपाळात किंवा मनमाडला दुसरा कोणी त्याच गाडीतील त्याच शायिकेवर हक्क सांगत असतो. यंत्रांचे एकमत झाले नाही, तर दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. एक, तीच शायिका दोघांना दिली जाते आणि मध्यरात्री डब्यात भांडण उभे राहते. दुसरा अनर्थ असा की, शायिका रिकामी असूनही माणसाला नकार मिळतो. गाडी रिकाम्या जागेसह निघून जाते आणि ज्याला निघायलाच हवे होते तो फलाटावर राहतो. पहिल्या अनर्थाची बोंब होते; दुसऱ्याची कोणाला वार्ताही लागत नाही.

ही यंत्रे परस्परांपासून दूर आहेत, त्यांना जोडणाऱ्या तारा तुटतात, वीज जाते, गर्दी उसळते. असे असूनही त्यांच्या समूहाने खरे उत्तर कसे द्यावे, हा संगणकशास्त्रातील एका मोठ्या शाखेचा विषय आहे. तिला वितरित संगणनाचे शास्त्र म्हणतात. आघात सोसून उभे राहणारी आणि परिस्थितीप्रमाणे आपले वर्तन बदलणारी यंत्रणा कशी रचावी, याचा शोध हे शास्त्र गेली सुमारे पाच दशके घेत आहे. हे शास्त्र ऐकण्यास रुक्ष वाटेल. परंतु भारतीयांच्या रोजच्या व्यवहारातील त्याचा एक मोठा दाखला आगगाडीच्या तिकिटात दडलेला आहे.

संगणक येण्यापूर्वी आरक्षणाची व्यवस्था जाडजूड वह्यांवर चाले. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक दिवसाची नोंद एका विवक्षित कार्यालयातील वहीत होई. वही एकच असल्यामुळे सत्यही एकच असे. कारकुनाने नाव लिहिले की जागा भरली. मधल्या स्थानकांसाठी काही जागांचा वाटा आधीच बाजूला काढलेला असे, आणि परतीच्या प्रवासासाठी तार पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे. या पद्धतीत खोटे बोलले जाण्याची भीती कमी होती, पण ती पद्धत कंजूष होती. एका स्थानकाचा वाटा पडून राही आणि शेजारच्या स्थानकावर प्रवासी रिकाम्या हाताने परते. शिवाय प्रत्येक गाडीसाठी वेगळी खिडकी, वेगळी रांग. एका खिडकीवर नकार मिळाला की माणसाने दुसऱ्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहावे, हा जणू नियमच होता.

१९८५ मध्ये नवी दिल्लीत या वहीची जागा संगणकाने घेण्याचा पहिला प्रयोग सुरू झाला. रेल्वेने सी.एम.सी. या सरकारी कंपनीच्या सहकार्याने तयार केलेल्या त्या आज्ञावलीचे संक्षिप्त नाव ‘इम्प्रेस’ असे होते. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीची जागा मागता येऊ लागली. १९८६ मध्ये रेल्वेच्या संगणकविषयक कामासाठी ‘क्रिस’ ही संस्था स्थापन झाली. दिल्लीच्या चाणक्यपुरीत, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या शेजारी तिचे मुख्यालय आहे. दिल्लीपाठोपाठ मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही संगणक बसले. परंतु ही पाच बेटे होती. दिल्लीच्या यंत्राला मुंबईच्या वहीत काय लिहिले आहे ते ठाऊक नसे.

बेटे जोडण्याचे काम ‘क्रिस’ने तयार केलेल्या ‘कॉन्सर्ट’ या नव्या आज्ञावलीने केले. ती सप्टेंबर १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला चालू झाली आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एका जाळ्यात आली. येथे एक मोठा निर्णय रचनाकारांना करावा लागला. देशातील सगळ्या गाड्यांची एकच महावही एका ठिकाणी ठेवावी, की पाचही ठिकाणी सगळ्या वह्यांच्या नकला ठेवाव्यात? त्यांनी मधला मार्ग स्वीकारला. प्रत्येक गाडीला एक घर दिले. त्या गाडीच्या जागांची मूळ वही त्या एकाच केंद्रात राहावी, आणि इतर केंद्रांनी मागणी तेथे पोचवून उत्तर आणावे. तिकिटावर जो दहा आकडी क्रमांक छापलेला असतो, त्याचे आरंभीचे अंक या केंद्राची ओळख सांगतात. तो क्रमांक प्रवाशाने कितीदा तरी पाठ केलेला असतो. त्यात एका वहीचा पत्ता आहे, हे मात्र त्याच्या ध्यानीमनीही नसते.

या मांडणीचा गुण असा की, दोन केंद्रांमधली तार तुटली तरी सारा देश थांबत नाही. दिल्लीचा मुंबईशी संपर्क गेला, तर दिल्लीच्या वहीतल्या गाड्यांची विक्री दिल्लीत चालूच राहते. मुंबईच्या वहीतल्या गाड्यांबद्दल दिल्लीचे यंत्र ‘आत्ता सांगता येत नाही’ असे म्हणते. ते अंदाजाने जागा विकत नाही. घराच्या एका खोलीचे दार बंद झाले म्हणून उरलेले घर अंधारात राहू नये, आणि बंद खोलीतील वस्तूंचा सौदा कोणी बाहेरून करू नये, असा हा शहाणपणा आहे.

परंतु ‘तार तुटली’ हे यंत्राला कळते कसे? वितरित संगणनातील सर्वांत अवघड प्रश्न येथेच उद्भवतो, आणि तो समजण्यासाठी दिल्लीच्या उत्तरेस पानिपतापर्यंत जावे लागते. आजच्या राजधानी प्रदेशाच्या सीमेतच ते क्षेत्र येते, आणि मराठी मनाला त्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. १७६० च्या ऑक्टोबरात अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो कुंजपुऱ्याकडे गेलेल्या मराठी फौजेच्या व दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. पुढे पानिपतावर कोंडलेल्या त्या सैन्याचा दक्षिणेशी असलेला दुवा क्षीण होत गेला. मदतीसाठी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पत्रे येईनाशी झाली. आता या मौनाचा अर्थ काय लावावा? पत्रे वाटेत अडली आहेत, जासूद उशीर करीत आहे, की लिहिणारा हातच उरला नाही? १४ जानेवारी १७६१ रोजी निर्णय लागून गेला होता. पेशव्यांना मात्र ती वार्ता कित्येक दिवसांनी, माळव्यात असताना, एका सावकारी पत्रातल्या सांकेतिक शब्दांवरून कळली.

संगणकांच्या जाळ्यातील प्रत्येक यंत्राची हीच अवस्था असते. शेजाऱ्याकडून उत्तर आले नाही, एवढेच त्याला कळते. शेजारी मेला आहे की केवळ मंद झाला आहे, हे दुरून ओळखण्याचा निश्चित उपाय नाही. फिशर, लिंच आणि पॅटर्सन या तीन संशोधकांनी १९८५ मध्ये हे गणिताने सिद्ध केले : निरोप पोचण्यास किती वेळ लागेल याला काहीच मर्यादा नसेल, तर एकही यंत्र बंद पडण्याचा संभव असताना उरलेल्यांचे एकमत नियत काळात होईलच, अशी हमी देणारी कोणतीही रीत असू शकत नाही. दिल्लीत ‘इम्प्रेस’चा प्रयोग सुरू झाला ते हेच वर्ष. एका बाजूने शास्त्र अशक्यतेची सीमारेषा आखत होते, तर दुसऱ्या बाजूने अभियंते त्या सीमेच्या अलीकडे जेवढे साधेल तेवढे साधू पाहत होते.

त्यांनी साधले ते असे. काही काळ वाट पाहावी, मग शेजाऱ्याला मेलेला समजावे. पण असा समज चुकीचा ठरला तरी नुकसान होऊ नये, अशी तजवीज आधीच करून ठेवावी. व्यवहार अनेक यंत्रांवर पसरलेला असेल, तर एका मध्यस्थाने आधी सर्वांना ‘तयार आहात काय?’ असे विचारावे; सर्वांनी होकार देऊन तो आपापल्या दप्तरी नोंदविल्यावरच ‘पक्के’ असा आदेश द्यावा. एकानेही नकार दिला तर सारा व्यवहार जणू घडलाच नाही, असे मानावे. पैसे गेले आणि तिकीट आले नाही, हा प्रकार टाळण्यासाठी ही दोन पायऱ्यांची रीत आहे. तिच्यातही खोच आहेच : सर्वांनी ‘तयार’ म्हटल्यानंतर मध्यस्थच कोसळला, तर बाकीचे हात बांधून बसून राहतात. म्हणून मध्यस्थाचीही प्रतिमा दुसरीकडे जागी ठेवावी लागते. ‘कॉन्सर्ट’ने अशा निरोपांची ने-आण करण्यासाठी ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’ नावाची तयार आज्ञावली वापरली. व्यवहार अर्ध्यावर लटकू न देणे हेच तिचे काम.

जेथे एकाच वहीच्या अनेक नकला ठेवल्या जातात, तेथे आणखी एक युक्ती वापरतात, आणि ती मराठी खेड्याला परकी नाही. पाचांमुखी परमेश्वर, असे आपल्याकडे म्हणतात. पाच यंत्रांवर नकला असतील, तर कोणतीही नोंद निदान तिघांनी मान्य केल्यावाचून पक्की समजायची नाही. दोन यंत्रे बंद पडली तरी तीन उरतात, आणि काम चालते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पाचांतून तिघांचे कोणतेही दोन गट निवडले, तरी निदान एक पंच दोन्ही गटांत असतोच. तो एक सामाईक साक्षीदार दोन परस्परविरोधी निवाडे होऊ देत नाही. एखादे यंत्र बंद न पडता खोटेच बोलू लागले, तर मात्र पंच वाढवावे लागतात. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी १९८२ मध्ये या प्रश्नाला वेढा घालून बसलेल्या सेनापतींच्या गोष्टीचे रूप दिले आणि दाखविले की, एका लबाडाला निष्प्रभ करण्यास एकूण चार तरी लागतात; तीन पुरत नाहीत.

एवढी यातायात का, असे कोणी विचारील. चांगली, न मोडणारी यंत्रेच का घेऊ नयेत? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एखादा सुटा भाग हजारात नऊशे नव्याण्णव वेळा नीट चालतो असे धरू. तो एकटा असेल तर विश्वासू म्हणावा. परंतु असे एक हजार भाग एकत्र आले आणि सर्वच्या सर्व एकाच वेळी चालणे आवश्यक असले, तर तसे घडण्याची शक्यता शंभरात सदतीसांहून थोडी कमी उरते. म्हणजे मोठ्या यंत्रणेत कोठेतरी काहीतरी मोडलेले असणे हाच तिचा नित्यक्रम होय. उलट, शंभरांत एकदा नापास होणारी दोन यंत्रे एकमेकांस पर्याय म्हणून ठेवली, तर दोन्ही एकदम नापास होण्याची शक्यता दहा हजारांत एकच राहते. पण या दुसऱ्या गणितात एक अट गुप्त आहे : दोघांच्या मोडण्याचे कारण वेगळे असले पाहिजे. दोन्ही यंत्रे एकाच विजेवर चालत असतील, तर ती दोन नाहीतच.

या अटीची किंमत दिल्लीने २०१२ मध्ये पाहिली. ३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. राजधानीतील मेट्रोगाड्या थांबल्या, आगगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. वीज परत आली. परंतु ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही जाळी एकापाठोपाठ एक बंद पडली. ज्या प्रदेशांत वीज गेली तेथे ६० कोटींहून अधिक लोक राहत होते. चौकशीत जे आढळले ते वितरित यंत्रणेच्या प्रत्येक अभ्यासकाने मनात कोरून ठेवावे असे आहे. दोन्ही दिवशी आरंभ बीना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर झाला. आणि त्या वाहिनीत मुळी बिघाड नव्हता. तिच्यावरचा भार फार वाढला होता. तो भार पाहून रक्षणासाठी बसविलेल्या उपकरणाने त्यास दोष समजून वाहिनी तोडली. तिचा भार शेजारणींवर गेला, त्या थकल्या, त्यांच्या रक्षकांनी त्यांनाही तोडले. दमलेल्याला मेलेला समजण्याची ही चूक पुनःपुन्हा होत गेली आणि काही क्षणांत अर्धा देश अंधारला.

त्या अंधारातही काही बेटे उजळलेली राहिली. कोलकात्याचा काही भाग आणि काही वीजकेंद्रांभोवतालचे लहान पट्टे मुख्य जाळ्यापासून वेळीच सुटे झाले आणि आपापल्यापुरते जगले. म्हणून लवचिक यंत्रणेच्या रचनेत जोडण्याइतकेच तुटण्याचेही शास्त्र असते. कोठे तुटावे, किती तुटावे, तुटल्यावर आपल्यापुरते काय चालू ठेवावे आणि पुन्हा जुळताना हिशेब कसा मिळवावा, हे संकट येण्याआधी ठरलेले असले तरच तुटणे उपकारक ठरते. जाळीच्या समुद्रात लहान बेटांची सोय नसेल, तर जाळी जितकी मोठी तितकी आपत्तीही मोठी.

मोडणे हे एक संकट, तसे गर्दी हे दुसरे. ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेचे तिकीट इंटरनेटवर मिळू लागले आणि खिडक्यांची संख्या जणू अगणित झाली. तत्काळ तिकिटांची विक्री वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला सुरू होते. त्या मिनिटाला लाखो बोटे एकदम एकाच दारावर पडतात. उत्तर आले नाही की माणूस पुन्हा बटण दाबतो, म्हणजे दमलेल्या यंत्रावर दुप्पट ओझे टाकतो. असा प्रकार संगणकांच्या जाळ्यात फार पूर्वी घडून गेला आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे, परस्परांपासून अवघ्या चारशे यार्डांवर असलेल्या दोन संस्थांमधील संदेशवहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तारा शाबूत होत्या, यंत्रे शाबूत होती. प्रत्येकजण न पोचलेला निरोप अधिकाधिक आग्रहाने पुन्हा धाडत होता आणि त्या पुनरुक्तीनेच रस्ता तुंबला होता.

व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावर मांडलेला उपाय विलक्षण साधा होता. प्रत्येक यंत्राने निरोप हरवू लागल्याची खूण ओळखून आपण होऊन मागे सरावे, आणि रस्ता मोकळा दिसू लागला की हळूहळू, चाचपत, पुढे यावे. सर्वांवर देखरेख करणारा कोणी पोलीस नेमला नव्हता. प्रत्येकाने थोडा संयम पाळल्याने सर्वांची वाट मोकळी झाली. परिस्थितीशी जुळवून घेणारी यंत्रणा, असे ज्यास शास्त्रात म्हणतात, तिचे हे आद्य आणि आजही जगभर चालू असलेले उदाहरण होय. रेल्वेच्या इंटरनेट विक्रीलाही हाच धडा वारंवार गिरवावा लागला. एप्रिल २०१४ मध्ये तिची नवी यंत्रणा सुरू झाली, तेव्हा मिनिटाला सुमारे २,००० तिकिटांऐवजी ७,२०० तिकिटे देण्याची तिची क्षमता सांगितली गेली. परंतु केवळ दार रुंद करून भागत नाही. गर्दी दारापेक्षा वेगाने वाढते. म्हणून आत किती जणांना घ्यावे आणि बाहेर किती जणांना शांतपणे थांबवावे, हे क्षणाक्षणाला ठरविणारा द्वारपाल लागतो.

आणि इतके करूनही यंत्रणा विस्कटली तर? डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७४ मध्ये दोन पानांचा एक निबंध लिहिला. यंत्रांचे एक कडे आहे, प्रत्येकाला फक्त आपले शेजारी दिसतात, आणि सारे कडे वाटेल त्या गोंधळलेल्या अवस्थेत टाकले आहे. अशा स्थितीतूनही, प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहून एक साधा नियम पाळला, तर सारे कडे मर्यादित पावलांत आपोआप सुव्यवस्थेला येते, असे त्यांनी दाखवून दिले. पंढरीच्या वाटेवरील दिंडी ज्याने पाहिली आहे त्यास यात नवल वाटणार नाही. ओढा ओलांडताना ओळी मोडतात, टाळकरी इकडेतिकडे होतात. पलीकडे गेल्यावर प्रत्येक वारकरी आपल्या पुढच्याकडे आणि शेजारच्याकडे पाहतो, आणि कोणी आज्ञा न देता ओळी पुन्हा जुळतात. चूक कोणाची, हे शोधत न बसता नीट होण्याची ही विद्या आहे.

आगगाडीच्या डब्यातही या विद्येचा एक नमुना आहे, आणि तो संगणकाहून प्रवाशाला अधिक परिचित आहे. ‘आर.ए.सी.’ नावाच्या तिकिटावर दोघांना एक शायिका बसण्यापुरती मिळते. पूर्ण होकार देता येत नाही, पण माणसाला परत पाठवावयाचे नाही, म्हणून अर्धा होकार. झोप होत नाही, पण वडिलांपर्यंत पोचता येते. आघात झाल्यावर सेवा एकदम बंद न पडता पायरी पायरीने उतरावी, या तत्त्वाचा याहून माणुसकीचा दाखला क्वचितच सापडेल. तसेच गाडी सुटण्याच्या काही तास आधी प्रवाशांची यादी तयार होते आणि ती तिकीट तपासनिसाच्या हाती जाते. पूर्वी ती कागदावर असे. अलीकडे अनेक गाड्यांत त्याच्या हाती लहानसे यंत्र दिलेले असते. मग गाडी जंगलात असो वा घाटात, केंद्राशी संपर्क असो वा नसो, त्या डब्यापुरते सत्य त्याच्यापाशी असते. मूळ वहीने आपला अधिकार काही काळासाठी त्याच्या स्वाधीन केलेला असतो.

या सर्व विचारांच्या मुळाशी एक निवड आहे, आणि ती यंत्राला करता येत नाही. एरिक ब्रूअर यांनी २००० साली ती सूत्ररूपाने मांडली आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये तिची गणिती सिद्धता दिली. जाळे दुभंगले, तर दुभंगलेल्या काळात यंत्रणेला दोहोंपैकी एकच राखता येते : प्रत्येकाला उत्तर देणे, किंवा दिलेले उत्तर खरे असणे. कोठे काय राखावे, हे उत्तराच्या मोलावरून ठरते. एखाद्या छायाचित्राला किती जणांनी पसंती दिली याचा आकडा दोन घटका शिळा असला तरी कोणाचे काही जात नाही. तेथे उत्तर देत राहावे. पण शायिका एक आहे, पैसा एकाचा आहे, रुग्णाला द्यावयाची औषधाची मात्रा एक आहे. तेथे खोट्या होकारापेक्षा खरा ‘थांबा’ बरा. पाच केंद्रांच्या रचनाकारांनी दूरच्या वहीतील जागा अंदाजाने न विकण्याचे ठरविले, तेव्हा त्यांनी हीच निवड केली होती.

आजचे संशोधन याच्याही पुढे जाऊन, ही निवड वेळप्रसंग पाहून स्वतः बदलणाऱ्या यंत्रणा घडवू पाहत आहे. भार वाढला की नवी यंत्रे आपोआप कामाला लागावीत, एखादा भाग आजारी दिसला की काम दुसरीकडे वळावे, सेवा चालू असतानाच मुद्दाम एखादे यंत्र बंद करून बाकीचे तग धरतात का, ते पाहावे, असे प्रयोग जगभर चालू आहेत. त्यांचे यश मोठे आहे. परंतु बीना-ग्वाल्हेर वाहिनीच्या रक्षकाचा धडा येथे विसरून चालत नाही. तो रक्षकही आपल्या समजुतीप्रमाणे परिस्थितीला प्रतिसादच देत होता. जुळवून घेणारे यंत्र जे पाहते त्याचा अर्थ चुकीचा लावील, तर त्याची तत्परताच घातक ठरते. म्हणून अशा यंत्रणेला किती स्वातंत्र्य द्यावे, तिने केलेल्या बदलाचा माग कसा ठेवावा आणि शेवटचा शब्द कोणत्या माणसाचा असावा, हे प्रश्न अभियंत्यांपुरते राहत नाहीत.

खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची आवश्यकताही नाही. त्याची अपेक्षा एवढीच की, हातात आलेल्या दहा आकड्यांमागे खरोखरच एक जागा असावी. निजामुद्दीनहून गाडी निघते. मथुरा, आग्रा मागे पडते, आणि रात्री तो माणूस आपल्या शायिकेवर अंग टाकतो. दुसरा कोणी येऊन त्याला उठवीत नाही. वाटेत कोठे तार तुटली असेल, एखादे यंत्र बंद पडून दुसऱ्याने त्याचे काम उचलले असेल, एखादा निरोप दोनदा येऊन एकदाच मानला गेला असेल. त्याला त्याची दादही लागत नाही. न मोडणारे यंत्र माणसाला घडवता आलेले नाही. मोडतानाही खोटे न बोलणारी यंत्रणा मात्र त्याला घडवता येते, आणि घरी निघालेल्या माणसाची निर्धास्त झोप तिच्याच भरवशावर असते.